भागीचं घोडं आणि चौदा मालकांची गच्ची

गेले दोन महिने सांगलीतल्या विश्रामबागच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये गच्चीवरून वाद पेटलाय. निमित्त सौर पॅनलचं. चौथ्या मजल्यावरच्या एका घरानं छतावरच्या सौर पॅनलला सरकारी अनुदान देणाऱ्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटचं पॅनल घ्यायचं ठरवलं. एजन्सीचा मुलगा टेप घेऊन आला आणि टाकीच्या दक्षिणेला खडूनं एक चौकोन आखून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्यांनी त्याला लागून आपला चौकोन आखला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी बादलीभर पाणी ओतून दोन्ही चौकोन पुसून टाकले. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर रोज रात्री जे चालतं, तेच थोड्याफार फरकानं शंभर फुटी रोडला, कुपवाडला, मिरजेला चाललंय हे ओळखीपाळखीच्यांशी बोलताना कळतं. कुठे गच्ची आहे, कुठे पार्किंग, कुठे दुकानापुढचा ओटा, कुठे जिन्याखालची खोली.

यात दोन पक्ष पडलेत आणि दोघांचाही वाद फसलेला आहे. एक पक्ष म्हणतो, वाटून टाका. गच्चीचे चौदा तुकडे पाडा, ज्याचा त्याला द्या, म्हणजे रोजची कटकट मिटेल. दुसरा म्हणतो, गच्ची सगळ्यांची आहे, तेव्हा तिथं कुणीच काही लावायचं नाही. एकाला सामाईक म्हणजे अजून वाटणी न झालेलं असं वाटतं, दुसऱ्याला सामाईक म्हणजे हात न लावायचं असं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गच्ची वाटायची नाही आणि ओसाडही ठेवायची नाही. मालकी एकत्रच राहू द्यायची, वापराला पाळी आणि भाडं लावायचं, आणि त्याचा हिशेब जिन्यातल्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल असा लावायचा.

आपण फ्लॅट घेतो तेव्हा नेमकं काय घेतो, हा प्रश्न या सगळ्या भांडणात कुणी विचारलेला नाही. सांगलीत बऱ्याच इमारतींची नोंद अपार्टमेंट म्हणून आहे, म्हणजे त्यांना महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० लागू आहे. त्यातली सामाईक जागांची यादी एकदा वाचावी अशी आहे. जमीन, पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, छत, जिने, येण्याजाण्याच्या वाटा, तळघर, अंगण, बाग, पार्किंग, पाण्याच्या टाक्या, पंप, मोटारी, लिफ्ट. तुमच्या हॉलच्या कोपऱ्यात जो कॉलम आहे, ज्याला टेकवून तुम्ही टीव्हीचं युनिट बसवलंय, तो तुमच्या घरात असला तरी चौदा जणांचा आहे. तुमचं एकट्याचं म्हणावं असं जे उरतं ती भिंतींच्या आतली जागा. बाकी सगळ्यात तुमचा टक्केवारीनं अविभक्त हिस्सा. हा टक्का डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या नोंदणी केलेल्या घोषणापत्रात, लिहिलेला असतो. सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय तो बदलत नाही, फ्लॅटपासून तोडून तो वेगळा विकता येत नाही, आणि त्याची वाटणी करून द्या म्हणून कोर्टातही जाता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी हे असंच का लिहिलं असेल? कारण पायाची वाटणी होत नाही. आग्नेयेचा खांब माझा आणि वायव्येचा तुमचा असं ठरवलं, तरी वायव्येचा खांब खचला की माझंही घर जातं. (सोसायटी असेल तर रचना वेगळी असते, तिथं जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर येते. आणि ज्यांच्या इमारतीची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे, त्यांनी गच्चीवरून भांडण्याआधी ते काम हाती घ्यावं. बिल्डर खरेदीपत्र करून देत नसेल तर सोसायट्यांसाठी मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन आपल्या नावावर करून घ्यायची, वाट २००८ पासून उघडी आहे.)

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा. तो आपल्या भाषेनं फार आधी सांगून ठेवलाय : भागीचं घोडं किवणानं मेलं. दहा मालकांच्या घोड्याच्या पाठीवर जखम झाली, प्रत्येकाला वाटलं दुसरा बघेल, जखम चिघळली, घोडं गेलं. ही म्हण खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या जिन्यातली ट्यूब गेली की सरासरी आठवडाभर अंधार असतो. टाकीचं झाकण वाऱ्यानं उडालं तर ते उडालेलं चौघांना दिसतं आणि बसवायला कुणी जात नाही. गावोगावच्या गायरानांचं काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याला बळ होतं त्यानं कुंपण सरकवलं आणि बाकीचे बघत राहिले. २०११ मध्ये पंजाबातल्या एका गावच्या तळ्यावरच्या अतिक्रमणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला देशभरच्या सगळ्या राज्यांना सांगावं लागलं, की गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा. सामाईक गोष्ट मरते, हे खरंच आहे.

पण घोडं मेलं ते भागीचं होतं म्हणून, की आज त्याच्याकडे बघायची पाळी कुणाची हे ठरलेलं नव्हतं म्हणून? म्हणीत मालक मोजलेत, पाळ्या मोजलेल्या नाहीत. आणि पाळ्या मोजून सामाईक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालवण्याची उदाहरणं शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायला नको.

आमचं मूळ गाव तासगाव तालुक्यातलं. आजोबांच्या पिढीत पाच भावांची वाटणी झाली. जमीन पाच जागी फुटली. वाटणीपत्रात विहिरीपुढे मात्र एकच शब्द आला : सामाईक. विहीर, धाव (मोट ओढणाऱ्या बैलांची उतरण), थारोळं (मोटेचं पाणी पडायची कुंडी) आणि तिथपर्यंत जायची वाट, हे सगळं त्या एका शब्दात बसलं. पाच भावांच्या पाच पाळ्या. ज्याची पाळी त्याची मोट, सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत. उन्हाळ्यात गाळ काढायचा तेव्हा प्रत्येक हिश्श्यामागे एक गडी द्यायचा, आणि ज्यानं गडी दिला नाही त्याची पुढची पाळी चुकायची. पुढे मोट गेली, एकच इलेक्ट्रिक मोटर आली, तेव्हा मोटरच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगली गेली. कुणी किती तास पाणी घेतलं ते त्यात लिहायचं आणि त्या तासांवर लाइट बिल वाटायचं. लहानपणी मी ती वही पाहिलेली आहे. पेन्सिलीनं लिहिलेले तास, कडेला तेलाचे डाग, दोन पानं उंदरानं कुरतडलेली. मला जे सांगायचंय ते पुढेच आहे. त्या पाच घरांत भांडणं झाली नाहीत असं नाही. दोन चुलते तासगावच्या कोर्टात वर्षानुवर्षं हेलपाटे घालत होते. ते कशावरून? बांधावरून. एकानं नांगरताना बांध कोरला म्हणून. जे वाटलं होतं त्यावरून कोर्ट झालं. जे सामाईक ठेवलं होतं त्यावर पाळी होती, वही होती, आणि कोर्टाची गरज पडली नाही. वाटणी केली की कटकट मिटते असं म्हणणाऱ्यांनी आपापल्या गावातल्या बांधांची आठवण करावी. गच्चीवर खडूचे चौदा चौकोन म्हणजे चौदा बांध. वाऱ्यानं माझ्या वाळवणाची चादर तुझ्या चौकोनात गेली, तुझ्या पॅनलची सावली माझ्या पॅनलवर पडली, की कोरायला सुरुवात.

अशा अपार्टमेंटसाठी वापरला जाणारा कॉन्डोमिनियम हा शब्द मुळात लॅटिन, त्याचा अर्थच मिळून असलेली मालकी. फ्लॅटच्या आधी तो देशांच्या बाबतीत वापरला जायचा आणि त्यातली दोन उदाहरणं मला या वादात फार उपयोगी वाटतात. पॅसिफिक महासागरातली न्यू हेब्रिडीज बेटं १९०६ पासून १९८० पर्यंत ब्रिटन आणि फ्रान्स मिळून चालवत होते. मिळून म्हणजे कसं? दोघांचे पोलीस वेगळे, शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, कायदे वेगळे. प्रत्येकानं आपापला कारभार तिथं नेऊन ठेवला आणि दोघांचा मिळून असा कारभार फारसा उभाच राहिला नाही. शेवटी ती बेटं स्वतंत्र झाली, आज त्यांना वानुआतू म्हणतात. दुसरं उदाहरण फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या बिदासोआ नदीतलं. फेझंट नावाचं एक इवलंसं बेट. १६५९ मध्ये दोन्ही देशांतला तह त्याच बेटावर झाला. आज ते बेट सहा महिने स्पेनकडे असतं आणि सहा महिने फ्रान्सकडे. त्यांच्यात तिथं पाळी लागलेली आहे, आमच्या विहिरीवर होती तशीच. मालकी दोन्ही ठिकाणी सामाईक. एका ठिकाणी कारभार वाटून घेतला आणि तो फसला. दुसऱ्या ठिकाणी जागा एकत्र ठेवून फक्त वेळ वाटला, आणि ते आजही चालू आहे.

आता ऑगस्ट २०१९ कडे येतो, कारण सांगलीत बसून सामाईक जागेबद्दल बोलायचं आणि महापुराबद्दल बोलायचं नाही हे शक्य नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. माझी धाकटी बहीण शामरावनगरच्या बाजूला राहते. तिच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, मग पहिल्या मजल्याच्या पायऱ्या चढू लागलं. खालची चार घरं वर सरकली. गच्चीला कुलूप. किल्ली सगळ्यात वरच्या फ्लॅटवाल्यांकडे, आणि ते मुलाकडे पुण्याला गेलेले. गच्चीचा हक्क आपण बिल्डरकडून वेगळे पैसे मोजून घेतलाय, असं त्यांचं म्हणणं होतं आणि बाकीच्यांनीही ते तोवर मान्य केलेलं होतं. त्या रात्री बहिणीच्या शेजारच्या वहिनींनी घरातून वरवंटा आणला आणि कोयंड्यावर घाव घातले. चौथ्या की पाचव्या घावाला कुलूप तुटलं. पुढचे तीन दिवस बावीस माणसं, दोन शेगड्या, एक तान्हं मूल आणि तळमजल्यावरच्या आजोबांचा ऑक्सिजनचा सिलिंडर, हे सगळं त्या गच्चीवर आणि तिच्याखालच्या जिन्यात होतं. पुण्याहून फोन आला तेव्हा त्या फ्लॅटवाल्यांनीच सांगितलं की आमचंही दार फोडा, आत गहू आहेत, कपाटात चादरी आहेत, वापरा. माणसं वाईट नव्हती. त्यांच्या हातात एक चुकीचा कागद होता.

पूर ओसरला आणि खरी परीक्षा त्यानंतर झाली. पार्किंगमध्ये गुडघाभर चिखल, पंपाची मोटर गेलेली, लिफ्टचा खड्डा भरलेला. खर्चाची मीटिंग बसली तेव्हा वरच्या मजल्यांचं म्हणणं पडलं, आमच्या घरात पाणी आलंच नाही, आम्ही खालचा चिखल काढायचे पैसे का भरायचे? बऱ्याच वादावादीनंतर त्यांनी निम्मेच भरले. तीन पावसाळ्यांनी गच्चीला तडे गेले, वरच्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये ओल उतरली. तेव्हा खालचे म्हणाले, गळतंय ते तुमच्या डोक्यावर, आम्ही वॉटरप्रूफिंगचे पैसे का भरायचे? हे दोन्ही युक्तिवाद शेजारी ठेवून बघा. शब्दसुद्धा तेच आहेत, फक्त बोलणारे बदललेत. आणि दोन्ही सारखेच खोटे आहेत, कारण वरचं घर खालच्या पार्किंगच्या खांबांवर उभं आहे आणि खालचं घर वरच्या छतामुळे कोरडं आहे. गच्ची हे वरच्या फ्लॅटचं छत नाही, ते सगळ्या इमारतीचं छत आहे. १९७० च्या कायद्यात सामाईक खर्च आणि सामाईक उत्पन्न दोन्ही अविभक्त हिश्श्याच्या टक्क्यानं वाटायचं, असं लिहिलंय. पुढे असंही लिहिलंय की मी ही जागा वापरत नाही, माझा वापर मी सोडला, असं म्हणून कुणालाही खर्चातून सुटता येत नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही, म्हणजे नमुना नियमांतही, न वापरणाऱ्याला सूट नाही हेच सूत्र आहे : लिफ्ट असलेल्या इमारतीत लिफ्टचा खर्च सगळ्यांनी सारखा भरायचा, कुणी ती वापरो वा न वापरो.

यावर आमच्याकडच्या खालच्या दोन दुकानवाल्यांचं म्हणणं मी मनापासून ऐकलंय आणि त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, लिफ्टमध्ये आम्ही वर्षातून एकदाही चढत नाही, गच्चीवर आमची पायरी नाही, आणि मेन्टेनन्स मात्र भरा. रोजच्या व्यवहारात हे टोचतं, ते नाकारून चालणार नाही. पण त्यांनी दुसरी बाजूही धरावी. टक्का जसा खर्चात लागतो तसा तो उत्पन्नातही लागतो. गच्चीवर मोबाइल टॉवर बसला, होर्डिंग लागलं, उद्या कुणाला पॅनलसाठी जागा भाड्यानं दिली, तर त्या पैशात दुकानाचा हिस्सा चौथ्या मजल्याइतकाच पक्का आहे. इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली तर तोच टक्का त्यांना जमिनीत उभा ठेवतो. खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बांधलेलं बळीराजा धरण आहे. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात नदीतली वाळू विकून त्यासाठी पैसे उभे केले, राबले, आणि पाणी वाटताना ठरवलं की भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ज्याच्याकडे शेतच नाही त्याला पाणी कशाला, असं कुणालाही वाटेल. पण नदी गावाची असेल तर पाण्याचा हक्क जमिनीच्या तुकड्याला चिकटवून कसा चालेल? तो माणसाला हवा. आमच्या गच्चीवरच्या उन्हाचंही तसंच आहे. ज्याचं घर गच्चीला लागून आहे त्याचंच ते ऊन, असं धरलं तर तळमजला भूमिहीन ठरतो.

ज्यांनी बिल्डरला टेरेस राइटचे किंवा पार्किंगचे वेगळे पैसे दिलेत त्यांचा मुद्दा मात्र मला सगळ्यात अवघड वाटतो. त्यांनी फसवणूक केलेली नाही. करारात तसं लिहून मिळालं, पावती मिळाली, कर्ज काढून पैसे भरले. आज त्यांना, तुमचा हक्कच नाही, असं सांगणं क्रूर वाटतं. पण जे आपलं नाही ते विकणारा आणि विकत घेणारा यांच्यातला व्यवहार तिसऱ्याच्या अंगावर कसा टाकायचा? दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात ३१ ऑगस्ट २०१० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग हे फ्लॅटसारखं वेगळं विकायची वस्तू नाही, ती सामाईक जागा आहे, आणि बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्यानं उघडं पार्किंग सरळ सामाईक जागांच्या व्याख्येतच घातलं. विकता येण्याजोगं गॅरेज म्हणजे वर छत आणि तीन बाजूंनी भिंत. तेव्हा पैसे बुडाल्याचा राग योग्य आहे, फक्त तो शेजाऱ्यावर काढू नये, ज्यानं विकलं त्याच्याकडे जावं. आणि एका बाबतीत त्यांना दिलासाही आहे. अपार्टमेंट कायद्यात मर्यादित सामाईक जागा अशी एक सोय आहे. एखादी जागा ठरावीक फ्लॅटच्याच वापरासाठी राखून ठेवता येते, अट एवढीच की ते डिक्लेरेशनमध्ये लिहिलेलं हवं. मालकी सगळ्यांची, वापर एकाचा. ज्या टेरेसला जायची वाट एकाच फ्लॅटमधून आहे तिथं हे रास्तच आहे. म्हणजे मालकी आणि वापर या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे कायद्याला १९७० मध्येच कळलेलं होतं. आपला सगळा वाद त्या दोन गोष्टी एक धरून चाललाय.

एक माणूस अडून बसला तर सगळी इमारत अडते, हा आणखी एक आक्षेप. हा बरोबर आहे आणि ज्यांनी पुनर्विकासाच्या बैठका केल्यात त्यांना यातलं दुःख सांगायला नको. पण सगळ्यांची संमती लागते ती टक्का बदलायला. रोजच्या कारभाराला बहुमत पुरतं, आणि बहुमत म्हणजे डिक्लेरेशनमधल्या टक्केवारीनं मोजलेली ५१ टक्के मतं. गच्चीवरची जागा वर्षाच्या करारानं भाड्यानं द्यायची, पार्किंगची चिठ्ठी काढायची, थकबाकीदाराला नोटीस द्यायची, याला कुठे चौदाच्या चौदा सह्या लागतात? आणि जिथं लागतात तिथं त्या कुणासाठी आहेत तेही बघा. बारा मोठ्या फ्लॅटवाल्यांनी मिळून उद्या खालच्या दुकानाचा चार टक्के हिस्सा तीन करायचं ठरवलं, तर त्या दुकानदाराच्या हातात त्याच्या एका सहीशिवाय दुसरं काय आहे? थकबाकीचं म्हणाल तर तिचा बोजा कायद्यानं त्या फ्लॅटवर चढतो. आपल्याकडे तो वापरायला संकोच वाटतो, कारण ज्याच्यावर बोजा चढवायचा त्याच्याच मुलाच्या मुंजीला आपण परवा जेवून आलेलो असतो. हा संकोच मी समजू शकतो. पण त्याचा दोष सामाईक मालकीवर कसा टाकायचा?

उरला प्रश्न वेळेचा. सेक्रेटरीपद कुणालाच नको असतं. मी चार वर्षं केलंय. फुकट काम करायचं, वर शिव्या खायच्या. याला माझ्याकडे उत्तर एकच आहे : पैसे द्या. महिन्याला थोडं मानधन ठरवा, नाहीतर बाहेरचा हिशेबनीस नेमा. पाच भावांच्या विहिरीला वही लिहायला माणूस लागतो तर चौदा मालकांच्या इमारतीला लागणार नाही?

आता आमच्या गच्चीचं गणित मांडतो, कारण नुसत्या तत्त्वावर पॅनल बसत नाही. आमची गच्ची साधारण २८०० चौरस फूट. टाकी, लिफ्टची खोली आणि जिन्याचं टोपण वजा केलं, सावलीची पट्टी सोडली, की कामाची जागा २००० उरते. एक किलोवॅटला शंभरेक चौरस फूट लागतात, म्हणजे तीन किलोवॅटला तीनशे. या जागेत सहा घरं बसतात. सातवं बसत नाही. जो आधी येईल त्याचं, असं चालू दिलं तर सहा घरांना प्रत्येकी ७८ हजार रुपयांचं अनुदान आणि जवळपास फुकट वीज, आणि आठ मालकांना त्या पॅनलखाली गळणाऱ्या छताच्या खर्चातला वाटा. चौदा चौकोन पाडले तर एकाच्या वाट्याला १४३ चौरस फूट येतात, त्यात तीन किलोवॅट कुणाचंच बसत नाही. कुणीच लावू नये असं म्हटलं, तर दोन हजार फुटांवरचं सांगलीचं ऊन वर्षाचे आठ महिने नुसतं छत तापवत राहील.

मी सुचवलंय ते असं. आधी पाच किलोवॅट सामाईक : लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे. गृहनिर्माण संस्थांसाठी त्याच योजनेत किलोवॅटमागे १८ हजार रुपये आहेत, म्हणजे पाचाला ९० हजार. अपार्टमेंटलाही ते मिळवून घ्यायचे. त्यानं सगळ्यांचाच मेन्टेनन्स उतरतो, दुकानांचासुद्धा. त्याला पाचशे फूट जातील. तीनशे फूट वाळवणाला, मुलांना आणि पुराच्या वेळेला मोकळे ठेवायचे, ते कधीच कुणाला द्यायचे नाहीत. उरलेल्या बाराशेत चार घरांना जागा मिळते. ती चिठ्ठी काढून द्यायची, वार्षिक भाड्यानं, लेखी करारानं. भाडं सामाईक खात्यात, वॉटरप्रूफिंगची जबाबदारी पॅनलवाल्याची, आणि फ्लॅट विकला तर जागा नव्या मालकाकडे आपोआप जाणार नाही. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, पॅनल पंचवीस वर्षं टिकतं आणि करार वर्षाचा, मी पैसे कसे घालू? बरोबर आहे त्यांचं. वर्षाचा करार मी मागे घेतला. आता दहा वर्षांचा करार आणि पाचव्या वर्षी भाडेवाढ असं लिहिलंय. खालच्या दुकानवाल्यांनी विचारलं, आम्ही चिठ्ठीत नाव घालू शकतो का? घालू शकता. तुमचा ४.२ टक्के हिस्सा त्याच कागदात लिहिलाय ज्यात आमचा लिहिलाय.

तो कागद शोधायला मला आठ दिवस लागले. डिक्लेरेशनची नोंदणी झालेली प्रत बिल्डरच्या ऑफिसात नव्हती, आधीच्या चेअरमनकडे नव्हती. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बँकेच्या कर्जाच्या फाइलमध्ये सापडली. शेवटच्या पानावर चौदा ओळींचा तक्ता आहे, प्रत्येक ओळीत एक टक्का, खाली बेरीज शंभर. इमारतीत आम्ही एकोणीस वर्षं राहतोय आणि ते पान आमच्यातल्या एकानंही वाचलेलं नव्हतं. मीटिंग येत्या रविवारी सकाळी दहाला, पार्किंगमध्ये. त्या पानाच्या चौदा झेरॉक्स काढून ठेवल्यात.